कुलुपातला कॅमेरा

परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपल्या तरुण अधिकाऱ्यांत गेल्या काही वर्षांपासून एक जुना छंद नव्याने शिरला आहे. हातातील फोन हजारो चित्रे टिपीत असता ही मंडळी फिल्मचा रोल घालून चालणारे, खिशात मावणारे, रोखावे आणि बटण दाबावे एवढेच मागणारे जुने कॅमेरे शोधीत हिंडू लागली आहेत. गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या मांडवात आरती संपून प्रसाद हाती येईपर्यंत तिघांनी मला एकच प्रश्न केला, "काका, कोणता कॅमेरा घ्यावा?"

छंदाविषयी माझी तक्रार नाही. उलट त्याचा मला आनंदच वाटतो. माझी तक्रार आहे ती ह्या प्रश्नाला जाणकार म्हणविणाऱ्यांकडून सर्रास मिळणाऱ्या उत्तराविषयी. ते उत्तर असे की, पैसे साठवावे, नामांकित भिंगाचा उत्तमोत्तम कॅमेरा एकदाच घ्यावा आणि तो जन्मभर जिवापाड जपावा. हे उत्तर चूक आहे, एवढेच म्हणून मी थांबणार नाही. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ते अपायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे; आणि हे मत मी पुस्तके चाळून नव्हे, तर स्वतः तीच चूक वीस वर्षे करून बनविले आहे.

प्रथम हे यंत्र कशासाठी जन्माला आले ते पाहू. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन ह्याने आपला पहिला कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला, तेव्हा त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. चित्रे संपली की कॅमेरा तसाच कारखान्याकडे पाठवावयाचा. धुण्याछापण्याची सर्व यातायात कारखाना करी. १९०० मध्ये त्याच कंपनीने 'ब्राउनी' नावाची पुठ्ठ्याची पेटी एका डॉलरला विकली, आणि ती मुद्दाम मुलांच्या हाती दिली. पुढे १९७७ मध्ये जपानच्या कोनिकाचा सी-३५ एएफ हा आपोआप फोकस करणारा पहिला सर्रास विकला गेलेला कॅमेरा निघाला, आणि १९७९ मध्ये कॅननचा एएफ-३५एम आला. हा कॅमेरा अवरक्त किरण सोडून समोरच्या वस्तूचे अंतर स्वतःच मोजी. आपल्या देशातही बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तयार केलेला आग्फा क्लिक-३ किती तरी मध्यमवर्गीय घरांत खुंटीला टांगलेला असे. ह्या सगळ्या परंपरेचा अर्थ एकच आहे. छायाचित्र काढण्याचा अधिकार तज्ज्ञाच्या हातून काढून घेऊन तो घरातील कोणत्याही माणसाला द्यावा, ह्यासाठी ही जात निर्माण झाली. तिचा कुळाचारच तो. ज्या छोट्या कॅमेऱ्याला घरातील एकच माणूस हात लावू शकतो, त्याने आपला कुळाचार सोडला असे म्हटले पाहिजे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकू. ते म्हणतात, चित्राचा जीव भिंगात असतो. १९९० मध्ये निघालेल्या कॉन्टॅक्स टी-२ ला टायटॅनियमचे अंग आणि झाइस घराण्याचे ३८ मिलिमीटरचे सॉनार भिंग आहे. त्याच वर्षीच्या याशिका टी-४ ला झाइसचेच ३५ मिलिमीटरचे टेसार आहे. १९९७ चा ऑलिंपस म्यू-२ साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, पावसाच्या शिंतोड्यांना न भिणारा, आणि त्याचे भिंग २.८ छिद्राचे. ही भिंगे उत्तम आहेत हे मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु हे कॅमेरे आज ज्या किमतींना विकले जातात त्या केवळ भिंगाच्या किमती नव्हेत. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका प्रसिद्ध तरुणीने आपला कॉन्टॅक्स टी-२ लोकांना दाखविला, आणि त्यानंतर त्याच्या मागणीला जो पूर आला त्याचे कारण ऑप्टिक्सच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. कीर्तीचा पैसा आपण भिंगाचा म्हणून मोजतो, ही पहिली फसगत.

दुसरी फसगत 'जन्मभर' ह्या शब्दात आहे. क्योसेराने कॉन्टॅक्सचे उत्पादन थांबवीत असल्याचे २००५ मध्ये जाहीर केले. ह्या जातीच्या कॅमेऱ्यांचा सारा कारभार विजेच्या मंडलांवर आणि कागदासारख्या पातळ पट्ट्यांवर चालतो. आपल्या आजोबांचे घड्याळ घड्याळजीने उघडून साफ केले की पुन्हा चालू लागे. ह्या कॅमेऱ्याचे मंडल जळाले तर दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचे अवयव काढून बसविण्यावाचून सहसा उपाय उरत नाही. तीस-पस्तीस वर्षे वयाचे असे यंत्र साठ हजार रुपये देऊन घेणे आणि त्याला आयुष्याची ठेव म्हणणे, हे सावधगिरीचे लक्षण खचित नव्हे. बढतीच्या चाचणीत असा हिशेब मांडणाऱ्या कारकुनाला आपणच नापास केले असते.

आणि भिंगाचे म्हणाल, तर घरगुती चित्रे बिघडतात ती भिंगामुळे नव्हेत. माझ्या ट्रंकेतील टाकाऊ चित्रांचा गठ्ठा काढून कोणीही तपासून पाहावा. दोन माणसे शेजारी उभी आहेत. कॅमेऱ्याचा किरण त्यांच्यामधल्या फटीतून मागच्या भिंतीवर गेला आहे. भिंतीचा पोपडा ठसठशीत आला आहे आणि माणसे धूसर. उपाय काय? एका माणसावर चौकटीचा मध्य ठेवून बटण अर्धे दाबावे, तसेच धरून चौकट सरकवावी आणि मग पुरते दाबावे. दुसरे चित्र आगगाडीच्या बंद काचेतून काढलेले. तिथे अवरक्त किरण काचेवरूनच परतला, म्हणून बाहेरचा डोंगर पुसट आला. त्यासाठी पुष्कळ कॅमेऱ्यांवर डोंगराची खूण असलेले निराळे बटण असते, ते दाबावयास हवे होते. तिसरे चित्र मंडळाच्या नाटकाचे, शेवटच्या रांगेतून फ्लॅश टाकून काढलेले. साध्या फिल्मवर ह्या चिमुकल्या फ्लॅशचा झोत तीन-चार मीटरांच्या पलीकडे पोचत नाही. तेव्हा पुढच्या रांगेतील टकले तेवढी उजळली आहेत, आणि रंगमंच काळोखात आहे. ह्यांपैकी एकही दोष साठ हजारांच्या कॅमेऱ्याने टळत नाही. म्यू-२ तर झाकण मिटले की फ्लॅश बंद ठेवण्याची तुमची आज्ञाही विसरतो आणि पुढच्या वेळी पुन्हा आपल्या मर्जीने उजेड पाडतो. हे दोष टळतात ते सवयीने. आणि सवय होते ती यंत्र रोज हाती पडल्याने. कुलुपातल्या यंत्राची सवय कोणाला होणार?

येथे मला माझीच कथा सांगणे भाग आहे, कारण दुसऱ्याच्या घरची सांगितली तर ती वकिली वाटेल.

१९९४ मध्ये, गुवाहाटीला असताना, मी परदेशाहून येणाऱ्या एका स्नेह्याकरवी एक नामांकित छोटा कॅमेरा मागविला. त्याला माझ्या त्या वेळच्या पगाराचे दोन महिने लागले. साहजिकच त्याची जागा लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात ठरली आणि किल्ली माझ्यापाशी राहिली. ईशान्येच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरू नये म्हणून मी त्याच्याशेजारी शोषक पुड्या ठेवीत असे, महिन्यातून एकदा त्या तव्यावर शेकून पुन्हा ठेवीत असे. इतकी काळजी मी कोणत्या सरकारी फायलीचीही घेतली नाही. सहलीला गेलो की मी सर्वांना उन्हाकडे तोंड करून उभे करी, "हलू नका" म्हणून बजावी, आणि चित्र काढी. एकदा मी आमच्या शिपायाला म्हणालो की आमचे सगळ्यांचे एक काढ. त्याने हात मागे घेतले आणि म्हणाला, "साहब, टूट गया तो?" त्यावर "काही तुटत नाही" असे मला म्हणता आले असते. मी म्हटले नाही. मी कॅमेरा परत घेतला आणि नेहमीप्रमाणे स्वतःला वगळून बाकीच्यांचे चित्र काढले.

१९९८ च्या सुमारास आमची बदली रायपूरला झाली. तेथे आमच्या सौभाग्यवतीने भिशीच्या पैशांतून कोडॅकचा केबी-१० हा प्लास्टिकचा कॅमेरा आणला. त्याला फोकस करण्याची भानगडच नव्हती. भिंगाचे छिद्र लहान ठेवले आणि फोकस एका ठरावीक अंतरावर कायमचे बसविले म्हणजे थोड्या अंतरापलीकडचे सारे पुरेसे स्पष्ट येते. ह्या एवढ्या युक्तीवर तो चाले. मी त्याला खेळणे म्हणून हिणविले. ते खेळणे शिंकाळ्याजवळच्या खिळ्याला लोंबत असे. आठ वर्षांची मुलगी ते घेई, शिपायाची बायको घेई, सुट्टीत आलेले भाचे घेत. माझ्या कॅमेऱ्यात वर्षाला एक रोल संपे, ह्याच्यात तीन.

आमची आई शेवटची पाच वर्षे आमच्याजवळ होती. २००३ मध्ये ती गेली. तेराव्याला भिंतीवर लावण्यासाठी चित्र हवे म्हणून आम्ही सर्व अल्बम जमिनीवर मांडले. माझ्या नामांकित भिंगाने काढलेली आईची चौदा चित्रे निघाली. चौदाही निर्दोष होती. लुगड्याच्या काठाची वीण मोजता यावी इतकी स्वच्छ. आणि चौदाही चित्रांत आई शाळेच्या तपासणीला उभी केल्यासारखी ताठ होती, कारण तिला मी तसे उभे केले होते. माझ्या धाकट्या बहिणीने ती एकेक करून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दादा, ही आई नाही." मग मुलीने केबी-१० चे एक चित्र पुढे केले. मागल्या व्हरांड्यात आई शिपायाच्या बायकोबरोबर मटार सोलीत बसली आहे, कशावरून तरी दोघी हसत आहेत, आणि आईने आपले बोळके झाकायला हात अर्धवट वर नेला आहे. चौकट तिरपी, वरून शिपायाच्या बायकोचे कपाळ कापलेले, कडा मऊ. ते मुलीने आठव्या वर्षी काढलेले चित्र आज आमच्या भिंतीवर आहे. त्या दुपारी मी कचेरीत होतो, आणि माझा कॅमेरा कुलुपात होता.

त्याच दिवशी मी आणखी एक मोजदाद केली. अकरा अल्बमांत मी स्वतः तेवीस चित्रांत आढळलो. त्यांतील एकोणीस खेळण्याने काढलेली होती. ज्या यंत्राला मी दोन महिन्यांचा पगार दिला, त्याने मला माझ्याच संसारातून जवळजवळ पुसून टाकले होते.

ही गोष्ट केवळ माझी असती तर मी ती छापावयास दिली नसती. परंतु आपणा बदलीवाल्यांची अवस्था सारखीच आहे. ज्यांचे गाव आहे त्यांच्यापाशी वाडा असतो, दारातले झाड असते, उंबरा असतो. आठवणीला टेकायला जागा असते. आपली घरे सरकारी क्रमांकाची. आपण निघालो की आठ दिवसांत तेथे दुसऱ्याचे पडदे लागतात. मुलीने ज्या व्हरांड्यात ते चित्र काढले त्यात आता कोण राहते हे मला ठाऊक नाही. आपला वाडा म्हणजे आपला अल्बम. त्या वाड्यात यजमान दिसू नये, आजी हसू नये, शिपायाची बायको असू नये, आणि हे सारे का, तर कॅमेरा महाग होता म्हणून, ह्याला काय म्हणावे?

येथे दुसऱ्या बाजूने आक्षेप येईल. कोणी म्हणेल, मग फोन काय वाईट? तो तर घरातील सर्वांच्या हाती आहे. आक्षेप रास्त आहे. फोनने चित्रे काढू नयेत असे मी म्हणत नाही. नातवाचे पहिले पाऊल फिल्मची वाट पाहणार नाही. परंतु फोन सर्वांच्या हाती असला तरी प्रत्येकाचा वेगळा असतो. मुलीची चित्रे मुलीपाशी, बापाची बापापाशी, आणि फोन बदलला की पुष्कळदा कोणापाशीच नाही. एका खिळ्याला लोंबणाऱ्या सामाईक कॅमेऱ्यात सगळ्या घराची चित्रे एकाच रोलवर एकामागून एक बसतात. आजीने काढलेले, त्याच्यापुढे भाच्याने काढलेले. छत्तीस झाली की रोल संपतो, धुवायला जातो आणि कागदाचे पाकीट घरी येते. ते पाकीट सर्वांनी मिळून उघडावयाचे असते. फिल्मचा मोठेपणा मी रंगांत मानीत नाही, ह्या पाकिटात मानतो. आणि तो मोठेपणा पाच हजारांच्या कॅमेऱ्यालाही पुरेपूर लाभतो.

स्वस्त कॅमेऱ्याच्या मर्यादा मी लपवीत नाही. स्थिर फोकसचा कॅमेरा संध्याकाळी घरात आंधळा होतो; त्यात ४०० वेगाची फिल्म घालावी, माणसे दोन ते तीन मीटरांवर असावीत, आणि उजेड खिडकीचा किंवा अंगणाचा असावा. त्याने काढलेले चित्र भिंतभर मोठे करता येणार नाही. पण अल्बमच्या पानावर चार इंच बाय सहा इंचांचे चित्र लावणाऱ्या कुटुंबाला भिंतभर मोठेपणा हवा आहे कशाला?

तेव्हा कॅमेरा निवडताना माझ्या मते चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, सेल कोणता लागतो. पुष्कळ नामांकित कॅमेऱ्यांना तीन व्होल्टचा जाड खास सेल लागतो. तालुक्याच्या गावी तो मिळेलच असे नाही. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतो. १९८३ च्या निकॉन एल-३५ एएफ ला दोन पेन्सिल सेल पुरतात आणि त्याचे भिंगही उत्तम आहे. ज्यांना थोडा अधिक खर्च करावयाचा आहे त्यांनी तो शोधावा. याशिका एमएफ-२ सुपर, केबी-१० ही तर आपल्याकडे कपाटांच्या माळ्यावर निजून असलेली मंडळी. विकत घेण्याआधी मामाच्या घरी चौकशी करावी. नवेच हवे असेल तर २०२२ मध्ये निघालेला कोडॅक एक्टार एच-३५ आहे. तो अर्ध्या चौकटीचा असल्याने छत्तीसच्या रोलवर बहात्तर चित्रे देतो.

दुसरी गोष्ट, लांबवर ताणल्या जाणाऱ्या झूम भिंगाचा मोह टाळावा. ह्या छोट्या कॅमेऱ्यांत भिंग लांब ताणले की छिद्र दहा-अकरापर्यंत अरुंद होते, उजेड कमी पडतो आणि हात हललेला चित्रात दिसतो. दोन पावले पुढे जाणे हे सर्वांत स्वस्त झूम होय.

तिसरी, जुना माल पारखून घ्यावा. पाठ उघडून बटण दाबावे आणि शटर उघडझाप करते ना ते पाहावे. फ्लॅश पेटतो ना ते पाहावे. भिंगावर विजेरीचा उजेड तिरपा टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना ते पाहावे. दाराच्या कडेचा काळा फोम चिकट होऊन गळत असेल तर उजेड आत शिरणार हे समजावे. पहिला रोल लग्नात वापरू नये, अंगणात वापरावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिची परीक्षा दुकानात नव्हे तर मनात घ्यावयाची. हा कॅमेरा आठ वर्षांच्या मुलाच्या हातून फरशीवर पडला असे डोळ्यांपुढे आणावे. तोंडून पहिला शब्द "लागलं का रे?" असा निघत असेल, तर तो कॅमेरा घ्यावा. पहिला शब्द कॅमेऱ्याविषयीचा निघत असेल, तर तो आपल्या ऐपतीबाहेरचा आहे, बँकेत पैसे कितीही असोत.

हिशेबाने पटणाऱ्यांसाठी हिशेबही मांडतो. नामांकित कॅमेऱ्याचे साठ हजार आणि साध्याचे पाच हजार असे धरले तर पंचावन्न हजार उरतात. रोल, धुलाई व छपाई ह्यांस मिळून दीड हजार पडतात असे धरले तर त्यांत छत्तीस रोल बसतात, म्हणजे सुमारे तेराशे चित्रे. वर्षाला तीन रोल ह्या मानाने ते मुलगी पहिलीत जाते तेव्हापासून बारावी होईपर्यंत पुरतील. एका पारड्यात टायटॅनियमचे अंग आणि दुसऱ्यात मुलीची बारा वर्षे. ज्याने त्याने निवड करावी.

माझा नामांकित कॅमेरा मी दोन वर्षांपूर्वी कुलुपातून काढला आणि त्यात नवा सेल घातला. बटण दाबले, भिंग बाहेर आले नाही. शोषक पुड्यांनी बुरशी रोखली होती, मंडलाचे वय त्यांना रोखता आले नव्हते. केबी-१० चा फ्लॅश मेला आहे, पण दिवसाउजेडी तो अजून चालतो, आणि सध्या मुलीच्या घरी आहे.

तर मांडवात विचारणाऱ्या त्या तिघांना माझे उत्तर हे असे आहे. साधा कॅमेरा घ्या, त्यात रोल भरा आणि तो दाराजवळच्या खिळ्याला लावा. घरातील सर्वांना, आणि घरात कामाला येणाऱ्यांनाही, तो उचलण्याची मोकळीक आहे हे एकदा मोठ्याने सांगा. पुढच्या गणेशोत्सवात पहिल्या रोलचे पाकीट घेऊन या. चित्रे किती स्वच्छ आली ते मी पाहणार नाही. छत्तीसांपैकी किती चित्रांत तुम्ही स्वतः आहात, एवढेच मोजणार आहे.